सगळ्यांना पाचपैकी पाच

लोक खोटं बोलतात, यावर माझं पोट चालतं. ते खरं बोलले असते तर मला कुणी नोकरीवर ठेवलंच नसतं. मी बाजाराची पाहणी करणाऱ्या एका कंपनीत संख्याशास्त्राचं काम करते. लोकांना अमुक कंपनीचाच स्मार्टफोन का आवडतो, तो दुकानात जाऊन घ्यावासा वाटतो की घरबसल्या मागवावासा, आणि पुढच्या वेळी हीच मंडळी दुसऱ्या कंपनीच्या दारात उभी राहतील का, हे मी त्यांच्याच उत्तरांवरून सांगते. उत्तरं एक ते पाच या आकड्यांत द्यायची असतात. एक म्हणजे अजिबात पटत नाही, पाच म्हणजे पूर्णपणे पटतं. 'हा ब्रँड माझ्यासारख्या माणसांसाठी आहे' या वाक्यापुढे एखादा धडधाकट, कमावता माणूस गंभीर चेहऱ्यानं चार लिहितो. मग मी तो चार घेते, त्याच्यासारखे आणखी हजार चार गोळा करते आणि त्यांच्यावर दशांशचिन्हानंतर दोन घरांपर्यंत चिंतन करते. वीस वर्षं हेच चाललं आहे.

राहते नॉर्थ कॅरोलायनात, कॅरी गावात. इथे सकाळी जो तो आपापल्या गाडीत एकटा बसून ऑफिसला जातो आणि संध्याकाळी एकटाच परत येतो. मीही तशीच जाते.

माझ्या धंद्यात कुटुंबात फोन कोण निवडतं याला फार महत्त्व आहे. त्याचे आम्ही तक्ते करतो. आमच्या स्वतःच्या घराचा तक्ता मात्र मी कधी केला नाही, कारण केला असता तर लाज वाटली असती. आमच्याकडे फोनला वारसाहक्क आहे, पण उलटा. नवाकोरा फोन सोळा वर्षांच्या लेकीला मिळतो, कारण तिला कॅमेरा चांगला लागतो. तिचा जुना नवऱ्याकडे येतो. नवऱ्याचा माझ्याकडे. माझा आईकडे. आईपर्यंत पोचेपर्यंत त्याची बॅटरी दुपारीच मान टाकते आणि काचेला एका कोपऱ्यात तडा गेलेला असतो. वडीलधाऱ्यांचा मान राखणारं घर म्हणून इथल्या मराठी मंडळात आमची ख्याती आहे.

आई सांगलीची. सगळी नोकरी तिनं पोस्टात, काउंटरवर काढली. बाबा गेल्यानंतर ती माझ्याकडे सहा-सहा महिने येऊ लागली. ही तिची तिसरी खेप होती, आणि या खेपेला तिनं परत जायचंच नाही असं मी ठरवून टाकलं होतं. ग्रीन कार्डाचे सगळे कागद मी तयार केले होते. अडलं होतं फक्त तिच्या सहीपाशी. ती 'बघू' म्हणायची. मुक्कामाची मुदत पुढच्या महिन्यात संपत होती, परतीचं तिकीट कॅन्सल करायचं होतं आणि ती 'बघू' म्हणत होती.

मला फारशी काळजी नव्हती. मी रोज तिला विचारत असे, बरं वाटतंय ना? ती म्हणे, छान. झोप लागली का? छान. हवा कशी वाटते? छान. चहा? छान झालाय. माझ्या धंद्यात इतकी समाधानी माणसं दुसरीकडे जात नसतात. सही होणारच, फक्त वेळ लागेल, असं मी नवऱ्याला तज्ज्ञाच्या थाटात सांगितलं. त्यानं फोनमधून मान वर न करता 'कूल' म्हटलं.

अशात ऑफिसात एका फोन कंपनीचं काम आलं. त्यांना वयस्कर ग्राहकांच्या मनातलं जाणून घ्यायचं होतं: ब्रँडबद्दल काय वाटतं, खरेदी कशी करतात, निष्ठा किती. त्यातही भारतीय घरांतले आजी-आजोबा त्यांना हवे होते, कारण या घरांतून एकेका वेळी पाच-पाच फोन विकत घेतले जातात असं त्यांच्या लक्षात आलं होतं. त्यांच्या तज्ज्ञांनी या घरांना 'तंत्रज्ञानाची विलक्षण ओढ असलेली कुटुंबं' असं नाव दिलं होतं. डिसेंबरात भारतात जाताना दोन भाचे, एक मेहुणी, धाकटा दीर आणि सोसायटीचा सेक्रेटरी यांचे फोन बॅगेत घालून न्यावे लागतात, हे मी मीटिंगमध्ये सांगितलं. सगळे हसले. नाव तेच राहिलं.

इंटरनेटवरून आजी-आजोबा काही मिळेनात. जे मिळाले त्यांतल्या एकानं वय ऐंशी लिहिलं होतं आणि रोज सहा तास व्हिडिओ गेम खेळतो असं कळवलं होतं. तेव्हा माझा बॉस माझ्या टेबलापाशी आला. मनुष्य भला आहे, कायम उत्साहात असतो. आग लागली तरी आधी 'ऑसम' म्हणेल. तो म्हणाला, तुझ्या कम्युनिटीत विचारून बघ ना. या देशात एखाद्याला आपली कम्युनिटी असली की ती अशीच अधूनमधून उपयोगी पडते.

आमची कम्युनिटी दर रविवारी मराठी शाळेत भेटते. एका शाळेचे वर्ग भाड्यानं घेऊन मुलांना मराठी शिकवतात. मुलं मराठीत शिकतात आणि इंग्लिशमध्ये तक्रार करतात. तोपर्यंत आजी-आजोबा कँटीनच्या लांब टेबलांशी थर्मास आणि चिवड्याचे डबे घेऊन बसलेले असतात. मोबाइलवर लिंक पाठवते म्हटल्यावर अर्ध्या लोकांनी नातवंडांना हाका मारायला सुरुवात केली, म्हणून मी कागद छापून नेले. इंग्लिश आणि मराठी, दोन्ही. मराठी भाषांतर माझं. 'ब्रँडचं व्यक्तिमत्त्व' हा प्रकार मराठीत आणताना मी घाम गाळला होता. शेवटी लिहिलं, 'हा फोन माणूस असता तर कसा असता?'

"माझ्या थोरल्या दिरांसारखा," एक काकू मोठ्यानं म्हणाल्या. "लगेच गरम होतो आणि सांगितलेलं ऐकत नाही."

"काकू, तोंडी नाही, कागदावर लिहायचं," मी म्हटलं. "नाव घालू नका. खरं तेच लिहा. कुणी काय लिहिलंय ते कुणालाही कळणार नाही."

टेबलाच्या टोकाला एक काका बसतात. मिशिगनमध्ये, नोव्हायला मोटारींच्या कारखान्यात त्यांची सगळी हयात गेली, आता घर विकून मुलाजवळ आले आहेत. कुठल्याही ठिकाणी चार माणसं बसली असली की काकांकडे आपोआप चार्ज येतो. त्यांनी माझ्या हातातले कागद घेतले आणि वाटायला सुरुवात केली. "तू जा, तुझी कामं कर," ते म्हणाले. "आय विल टेक केअर."

आमच्या कामात एक नियम आहे. उत्तरं लिहिली जात असताना आपण तिथे थांबायचं नाही, कारण आपल्याला बघून लोक आपल्या मनासारखं लिहितात. नियमाप्रमाणे मी बाहेर जाऊन गाडीत बसले. आईही त्या टेबलाशी कोपऱ्यात बसली होती. तिलाही एक कागद मिळाला असणार. अर्ध्या तासानं परत आले तर चाळीसेक कागदांचा गठ्ठा नीट कडा जुळवून, रबर लावून तयार होता. काकांनी तो दोन्ही हातांनी माझ्या स्वाधीन केला. "सगळं व्यवस्थित झालंय. अजिबात टेन्शन घेऊ नकोस," ते म्हणाले. मला खरोखर टेन्शन नव्हतं. ते सोमवारी आलं.

सोमवारी मी एकेक कागद बघत आकडे कॉम्प्युटरमध्ये भरायला बसले. पहिल्या कागदावर सगळीकडे पाच. दुसऱ्यावर सगळीकडे पाच. या ब्रँडवर माझा पूर्ण विश्वास आहे: पाच. या ब्रँडनं माझी फसवणूक केली आहे: पाच. मी फोन दुकानात हाताळूनच घेतो: पाच. मी फोन कधीही दुकानातून घेत नाही: पाच. माणूस वाचून लिहितो आहे की नुसता हात चालवतो आहे, हे पकडायला आम्ही मध्येच एक सापळा लावतो: 'आपण हे वाक्य वाचत असाल तर इथे दोन लिहा.' तिथेही पाच. आणि तोही ठसठशीत, सुवाच्य.

अशी एकाच आकड्याची सरळ रेघ ओढणारी माणसं आम्ही सरसकट वगळतो. मी बॉसला जाऊन सांगितलं, सगळा गठ्ठा केराच्या टोपलीत जाणार. त्यानं सरासरी बघितली. फक्त सरासरी. त्याचे डोळे भरून यायचेच राहिले.

"यांचं त्या ब्रँडवर प्रेम आहे," तो म्हणाला.

"फसवणूक झाली असंही सगळेच म्हणतायत."

"फसवणूक होऊनही प्रेम आहे! याहून मोठी निष्ठा कुठली?"

दुपारपर्यंत त्यानं या मंडळींना 'द डिव्होटेड' असं नाव देऊन टाकलं आणि एक रंगीत स्लाइडही केली. तिच्यावर एक गोरी आजी फोनकडे बघून हसत होती. माझं डोकं सणकलं. मी काकांना फोन लावला.

"काका, सगळीकडे पाच कसे?"

"मग! सांगितलं होतं ना, काळजी करू नकोस म्हणून."

"अहो पण प्रत्येक प्रश्नाला पाच?"

"अगं, पेपर तू सेट केलास. वर तुझा बॉस बघणार, हिच्या पेपरला लोकांनी किती मार्क दिले. इथे सर्व्हिसवाल्या पोरांना आपण फाइव्ह स्टार देत नाही का? नाहीतर बिचाऱ्यांची नोकरी जाते. आणि तुला कमी देऊ? परक्यांना देतो, मग घरच्या मुलीला नापास करू?"

"मार्क मला नव्हते हो, फोनला होते."

"फोनला काय फरक पडतो? तुझ्या प्रमोशनला पडेल."

"आणि दोन लिहा असं स्पष्ट छापलं होतं तिथे?"

"हो, त्यावर डिस्कशन झालं," काका म्हणाले. "दोन म्हणजे फारच कमी वाटलं सगळ्यांना."

मी कपाळाला हात लावला. वीस वर्षं मी माणसं खोटं का बोलतात याचं गणित मांडते आहे. आळसानं बोलतात, घाईत बोलतात, मोठेपणा मिरवायला बोलतात. माझं भलं व्हावं म्हणून चाळीस जण एका टेबलाशी बसून एकमतानं खोटं बोलतील, हे माझ्या कुठल्याच सूत्रात बसत नव्हतं. रागवावं कुणावर तेही कळेना.

"एक कागद वेगळा निघेल," फोन ठेवता ठेवता काका म्हणाले. "मी समजावलं, पण ऐकलं नाही. जाऊ दे, ज्याचं त्याचं मत."

थोरल्या दिरांना फोनमध्ये बघणाऱ्या त्या काकू असणार, असं मी धरून चालले. गठ्ठ्यातले उरलेले कागद भराभर भरले. आकडे बघून बोटं चालवायची, मजकुराकडे लक्षही द्यायचं नाही, इतकी सवय आहे. मग तपासणीचा प्रोग्रॅम चालवला. हा प्रोग्रॅम मीच लिहिलेला आहे आणि मला त्याचा अभिमान होता. गर्दीशी ज्याचं अजिबात जुळत नाही असा माणूस तो शोधून काढतो. त्यानं चाळीस पाचवाल्यांना काही केलं नाही, कारण ते एकमेकांशी छान जुळत होते. त्यानं एकच ओळ लाल केली आणि विचारलं, ही वगळायची का?

बॉस मागे उभाच होता. "एखादी चिडकी बाई दिसतेय," तो म्हणाला. "काढून टाक."

वगळण्याआधी मूळ कागद एकदा बघायचा, हा माझाच नियम. मी गठ्ठ्यातून तो कागद काढला. मराठी कागद होता. त्यावरचं अक्षर उभं, सुटं, जाडसर; मनीऑर्डरच्या पावतीवर पत्ता लिहावा तसं. याच अक्षरातली पत्रं मला कॉलेजच्या हॉस्टेलवर दर पंधरा दिवसांनी यायची. ओळखायला क्षणही लागला नाही.

हा फोन मी स्वतः निवडला: एक. खरेदीचा निर्णय मी घेते: एक. मला दुकानात जायला आवडतं: पाच. गेल्या महिन्यात मी एकटी दुकानात गेले: एक. इथे दोन लिहा: दोन. शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरं शब्दांत लिहायची होती. 'सध्याचा फोन बदलावासा वाटण्याचं कारण?' या प्रश्नापुढे आईनं लिहिलं होतं, 'तो माझा नाही.' 'पुढचा फोन कुठून घ्याल?' यापुढे लिहिलं होतं, 'पुढच्या महिन्यात, घरी गेल्यावर. कोपऱ्यावरच्या दुकानातून, चार बघून.'

पहिल्यांदा मला वाटलं, हिला प्रश्न नीट कळला नाही. माझ्या धंद्यातल्या लोकांना पहिल्यांदा हेच वाटतं. मग मी तो कागद पुन्हा वाचला. सगळे प्रश्न तिला नीट कळले होते. बॉसला मी सांगितलं की ठेवायची तर ही एकच ओळ ठेव आणि बाकीच्या फेक. तो म्हणाला, एका बाईवर स्लाइड होत नाही. मी कागद पर्समध्ये घातला, बरं वाटत नाही म्हणून सांगितलं आणि घरी निघाले. पर्समध्ये घालायला परवानगी नसते, पण घातला.

घरी आई बैठकीच्या खोलीत टॉवेलांच्या घड्या घालत होती. मी कागद तिच्यासमोर ठेवला.

"हे तू लिहिलंयस?"

तिनं चष्मा सारखा केला. "नाव घालू नका म्हणालीस, कुणाला कळणार नाही म्हणालीस. मग ओळखलंस कशाला?"

"आई, मी रोज विचारते तुला. रोज तू छान म्हणतेस."

"तू तुझ्या घरात विचारतेस," ती म्हणाली. "पाहुण्यानं आणखी काय म्हणायचं असतं? इथे खरं लिहा असं छापलं होतं, म्हणून खरं लिहिलं."

पाहुणी म्हटल्याचा मला भयंकर राग आला. आवाज चढलाच माझा. पाहुणी? तुझ्या मुलीच्या घरी तू पाहुणी? वेगळी खोली आहे, वेगळी बाथरूम आहे, गरम पाणी आहे, शनिवार-रविवार गाडीतून नेते, हवं ते आणते. "काय कमी आहे तुला इथे, सांग ना!"

"काही कमी नाही," आई म्हणाली. "इथे काही संपतच नाही बघ. तू शनिवारी गाडी भरून आणतेस. दुधाचे तीन कॅन, तांदळाचं पोतं, वर्षभराचा साबण. फ्रीज उघडावा तेव्हा भरलेलाच. तिथे माझं दूध संपतं. मग मी चपला घालते, कोपऱ्यापर्यंत जाते. जाताना एक शेजारीण बोलवते, येताना दुसरी. पाव किलो वांगी घ्यायची तरी मी तीन गाड्या फिरते, एकाशी भांडते, मग पहिल्याकडेच घेते. सकाळ जाते त्यात माझी. इथे मी खिडकीतून गाड्या बघते. त्यांत माणसं असतात म्हणे."

मी मग मुद्दे मांडले. ते मला येतं. तिचं वय, तिचा गुडघा, एकटीनं राहणं, अपरात्री काही झालं तर डॉक्टर कोण बोलावणार. प्रत्येक मुद्दा बिनतोड होता. चुकीच्या खिडकीशी आलेल्या गिऱ्हाईकाचं सगळं ऐकून घ्यावं तसं तिनं शांतपणे माझं ऐकून घेतलं. माझे मुद्दे संपले. तिनं आणखी एक टॉवेल घेतला.

आणि माझ्या तोंडातून भलतंच बाहेर पडलं. "मला तू इथे हवी आहेस," मी म्हटलं. "तुझ्या गुडघ्यासाठी नाही. माझ्यासाठी. संध्याकाळी दार उघडलं की आत कुणीतरी माझी वाट बघत असतं. ते मला हवं आहे. तू गेलीस की या घरात माझ्याशी कुणी बोलत नाही गं."

तिनं हातातला टॉवेल खाली ठेवला.

"हे कधी बोलली नाहीस ती," ती म्हणाली. "तीन खेपा झाल्या. तू आपली माझीच चौकशी करतेस. मला वाटायचं, मुलीनं कर्तव्य म्हणून आणलंय, किती दिवस हिच्या गळ्यात पडायचं. हे आधी बोलली असतीस तर तिथलं आवरून आले असते."

"मग आता राहा. आता बोलले ना."

"आता नाही गं. शेजारणीला कळवलंय, घर झाडून ठेव म्हणून. माडीवरची खोलीही दिली, कॉलेजच्या दोन मुली येतायत राहायला. त्यांना मी शब्द दिलाय."

"कधी दिलास?"

"झाले पंधरा दिवस," आई म्हणाली, आणि टॉवेल उचलून कपाटात ठेवायला गेली. ती परत आली तेव्हा मी रडत होते. ती माझ्याशेजारी येऊन बसली, पण तिनं मला थांबवलं नाही.